आजारपण कागदावर उतरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दीर्घ आजारातून जाणारी माणसं, नुकतंच निदान झालेली माणसं आणि त्यांच्या उशाशी बसणारे घरचे लोक चित्रांबद्दल, लिहिण्याबद्दल, शिवणकामाबद्दल पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही. आज जो प्रश्न सतावतोय तिथून सुरू करा, दमलात की थांबा.

शाळा सुटल्यापासून हातात ब्रश धरलेला नाही. मला जमेल का?

जमेल. इथे चित्र चांगलं यावं अशी अटच नाही. गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ३९ प्रौढ माणसांना ४५ मिनिटं रंग, माती, कोलाज (कागदाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र) यांपैकी हवं ते करायला दिलं आणि आधी व नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. ताण वाढला की शरीरात हे संप्रेरक वाढतं. सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते उतरलेलं दिसलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आधीपासून चित्रं काढणारे आणि कधीच न काढलेले, यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. ही माणसं निरोगी होती आणि संख्याही लहान, त्यामुळे यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण ‘मला येत नाही’ ही भीती बाजूला ठेवायला एवढं पुरे.

जे होतंय ते डॉक्टरांना सांगते, घरच्यांनाही सांगते. मग वेगळं चित्र कशाला?

आजारी माणसाबद्दल बरंच काही लिहिलं जातं आणि त्यातलं जवळजवळ काहीच त्याने स्वतः लिहिलेलं नसतं. केसपेपरवर ताप, रक्तदाब, गाठीचा आकार, औषधाची मात्रा असते. ही माहिती खरी असते आणि उपचारांसाठी लागतेच. पण पहाटे तीन वाजता छताकडे बघत पडल्यावर मनात काय चालतं, आरशातला चेहरा परका का वाटतो, भेटायला आलेल्या माणसाचा मनापासूनचा दिलासाही कधीकधी का सोसत नाही, याला त्या कागदावर रकाना नाही.

घरच्यांना सांगतानाही आपण निवडून सांगतो. समोरच्याचे डोळे भरून आले की वाक्य अर्ध्यावर वळवतो आणि ‘आज जरा बरं आहे’ म्हणून मोकळे होतो. कागदाला मात्र धीर द्यावा लागत नाही.

आणखी एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बोलताना एकामागून एक सांगावं लागतं: आधी भीती, मग राग, मग कंटाळा. आजारपणात हे सगळं एकाच वेळी अंगावर येतं. एकाच कागदावर भीतीच्या काळ्या रेघा, त्यांना खेटून कंटाळ्याचा सपाट राखाडी पट्टा आणि कोपऱ्यात सकाळच्या चहाचा खरोखरचा आनंद, असं शेजारी शेजारी राहू शकतं. त्यातलं काही खोडून दुसरं खरं ठरवावं लागत नाही. आजाराची ही आवृत्ती तुमच्या मालकीची असते. ती सुंदर असावी, आशादायक असावी, कुणाला समजावी, असं काहीही तुमच्यावर बंधनकारक नाही. या पानावरची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीला धरून आहेत.

याने आजार बरा होतो का?

नाही. चित्र काढल्याने गाठ विरघळत नाही, साखर आटोक्यात येत नाही, संसर्ग जात नाही. असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात दूर राहा, आणि चित्रं काढून बरं वाटतंय म्हणून एकही गोळी चुकवू नका.

मदत वेगळ्या ठिकाणी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. कला आणि आरोग्य यांच्या संबंधाबद्दलचा तो मोठा दस्तऐवज आहे. चिंता, वेदनेची जाणीव, एकटेपणा, उपचारांचा मानसिक भार अशा बाबतींत कलेचा आधार होतो, असं त्यातून दिसतं. त्यातले सगळे अभ्यास सारख्या दर्जाचे नाहीत, हेही त्यात मान्य केलं आहे. आधार मिळतो, उपचाराची जागा घेतली जात नाही, एवढं धरून चालावं.

मग यालाच आर्ट थेरपी म्हणतात का?

घरी स्वतःसाठी चित्र काढणं म्हणजे आर्ट थेरपी नव्हे. आर्ट थेरपी प्रशिक्षित थेरपिस्टच्या सोबतीने होते. तिथे चित्राइतकंच दोघांमधलं विश्वासाचं नातं काम करत असतं. ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल १९३८ मध्ये क्षयरोगाच्या सॅनिटोरियममध्ये पडून होते. तिथे वेळ घालवायला ते स्वतः चित्रं काढू लागले आणि पुढे इतर रुग्णांनाही त्यांनी हाताशी धरलं. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द १९४२ मध्ये त्यांनीच रूढ केला. म्हणजे या व्यवसायाची एक सुरुवात रुग्णाच्या खाटेवरच झाली. थेरपिस्ट शोधत असाल तर प्रशिक्षण कुठे झालं आणि आजारी माणसांबरोबर कामाचा अनुभव आहे का, हे दोन प्रश्न निःसंकोच विचारा.

कोरा कागद पुढे घेतला की काहीच सुचत नाही. सुरुवात कशी करू?

कोरा कागद घेऊच नका. औषधाच्या खोक्याची आतली बाजू, जुन्या कॅलेंडरचं पान, वर्तमानपत्र, तपासणीच्या रिकाम्या पाकिटाची पाठ, असं काहीही चालेल. आधीच वापरलेल्या कागदावर बिघडण्यासारखं काही नसतं. पहिल्या दिवशी दहा मिनिटांवर जाऊ नका, मग कितीही रंगात आलेलं असो. आजारात ताकद मोजूनच मिळते आणि आज ओढून काढली तर उद्या अंथरुणात वसूल होते.

शरीरापासून सुरू करणं बहुतेकांना सोपं जातं. माणसाची साधी बाह्याकृती काढा आणि आज जिथे जे होतंय तिथे ते खुणेने भरा. दुखण्याला आपल्याकडे कितीतरी नावं आहेत: ठणका, कळ, सणक, चमक, ठसठस, चुरचुर, आग, उसण, मुंग्या, बधिरपणा. या प्रत्येकाची रेघ वेगळी येते. ठणका एका जागी गोल गोल घट्ट होत जातो, सणक वरून खाली एका झटक्यात जाते, बधिरपणाची जागा काही वेळा रिकामी सोडावीशी वाटते. रोज तीच आकृती भरत गेलात तर काही आठवड्यांनी पानं शेजारी ठेवल्यावर जे दिसतं ते स्मरणातून सांगता आलं नसतं.

याचं मोठं रूप म्हणजे ‘बॉडी मॅपिंग’. २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांनी जेन सॉलोमन या कलाकार महिलेच्या मदतीने स्वतःच्या उंचीएवढे देहनकाशे रंगवले. जमिनीवर कागद पसरायचा, त्यावर आडवं व्हायचं आणि दुसऱ्याने भोवतीने रेघ ओढायची. मागे सावलीसारखी दुसरी एक बाह्याकृती असते, आधार देणाऱ्या माणसाची. आत विषाणू, औषधं, व्रण आणि ताकद जिथे जाणवते ती जागा, असं सगळं येतं. हे एकट्याने होत नाही आणि दमवणारं आहे. पण जवळचं माणूस आणि मोकळी दुपार हाताशी असेल तर नक्की करून बघा. माझ्या मते ती दुसरी बाह्याकृती कुणाची काढायची हे ठरवण्यातच अर्धं काम होतं.

आकृतीही नको वाटत असेल तर नुसता रंग निवडा. आजच्या दिवसाला एक रंग, त्याचा एक चौकोन, खाली तारीख.

वेदना दिसत नाही. ती दाखवणार कशी?

दुखणं मोजायचे प्रयत्न वैद्यकानेही पुष्कळ केले. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये मॅकगिल वेदना प्रश्नावली मांडली. तिच्यात वेदनेचं वर्णन करणारे ७८ शब्द गटागटाने दिले आहेत, कारण ‘दहापैकी किती’ या आकड्यात दुखण्याची जात कळत नाही. चित्रात जात आधी कळते आणि तीव्रता त्यामागून.

फ्रिडा काहलो या मेक्सिकन चित्रकर्तीचा १९२५ मध्ये बसला झालेल्या अपघातात पाठीचा कणा मोडला. तिने १९४४ मध्ये काढलेल्या आत्मचित्रात छाती उभी चिरलेली आहे, कण्याच्या जागी ठिकठिकाणी तडकलेला दगडी खांब आहे, अंगभर खिळे आहेत आणि धड पट्ट्यांनी आवळलेलं आहे. डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण नजर थेट बघणाऱ्यावर रोखलेली. इथे वेदनेचं वर्णन करायच्या भानगडीत ती पडलेली नाही. दुखणं कुठल्या वस्तूसारखं आहे एवढं तिने ठरवलं आणि ती वस्तू शरीरात नेऊन ठेवली. हे तुम्हालाही करता येईल. माझं दुखणं कशाचं बनलंय? तारेचं, ओल्या वाळूचं, काचेचं, गंजलेल्या पत्र्याचं? ते किती जड आहे? हलतं का? त्याला दार आहे का? उत्तर मिळालं की ती वस्तू काढा, नाहीतर मासिकातून कापून चिकटवा.

हात थरथरतात. कधी उठूनही बसवत नाही. काय करू?

थरथर रेषेत उतरू द्या. ती लपवण्यात ताकद घालवू नका. ती रेषा तुमच्या आजच्या हाताची आहे.

काहलोने अपघातानंतर पडल्या पडल्या चित्रं काढली. पलंगाला बसवता येईल असा चित्रफलक घरच्यांनी करून घेतला आणि वर आरसा लावला. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांच्यावर १९४१ मध्ये पोटाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांचा बराचसा वेळ अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत जात असे. इझलपुढे तासन्‌तास उभं राहणं संपलं, तेव्हा सहायकांकडून कागद रंगवून घ्यायचे आणि कात्रीने त्यांतून आकार कापायचे, ही पद्धत त्यांनी मुख्य केली. त्यांची सगळ्यात धीट, सगळ्यात रंगीत कामं याच काळातली आहेत. बंगालचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी मुळातच अधू होती. १९५६ मध्ये डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती पूर्ण गेली. ते कागद कापून चिकटवत राहिले, हातांनी शिल्पं घडवत राहिले, आणि १९७२ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात त्यांनी टाइल्सचं मोठं भित्तिचित्र उभं केलं.

ही थोर माणसं होती, आपण कुठे, असं म्हणू नका. त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट अगदी व्यवहारातली आहे: जे शरीराला जमत नाही ते सोडून दिलं, जे जमतं त्यातून नवी पद्धत काढली आणि दुसऱ्याचे हात मागायला ते लाजले नाहीत. ब्रशच्या दांड्याला स्पंज किंवा कापड गुंडाळून तो जाड केला तर पकड बसते. कागद चिकटपट्टीने पाटाला चिकटवला तर सरकत नाही. कडेला टेकून पडल्या पडल्या मोबाइलवर बोटाने रेखाटता येतं. तेवढंही होत नसेल तर खिडकीतून दिसणाऱ्या एकाच जागेचा रोज एक फोटो घ्या. किंवा तुम्ही सांगा, दुसरं कुणी काढेल: ‘निळा घे, वर, अजून वर, तिथे थांब.’ तेही तुमचंच चित्र.

कोणतं साहित्य टाळावं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, खरं तर आधी विचारायला हवा. केमोथेरपी सुरू असेल, अवयव प्रत्यारोपण झालं असेल किंवा कोणत्याही कारणाने पांढऱ्या पेशी कमी असतील, तर ओली माती, साठवलेला शाडू, वाळलेली पानंफुलं आणि ब्रश बुडवून ठेवलेलं शिळं पाणी टाळा. त्यांत बुरशी आणि जंतू असू शकतात. साहित्य स्वतःचं वेगळं ठेवा आणि पुसता येईल असं निवडा. प्लेटलेट्स कमी असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर कटर, लिनोकटची (ठसा कोरायची) हत्यारं, धारदार सुया नकोत. कागद हाताने फाडा, फाटलेली कड दिसतेही छान. बोटं बधिर झाली असतील तर गरम गोंदाची बंदूक वापरू नका, भाजल्याचं कळत नाही. दमा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर खडूची भुकटी, फवारणीचे रंग आणि टर्पेंटाइनपासून लांब राहा. वास सहन होत नसेल तर तैलरंग सोडाच, साध्या मार्कर पेननेही मळमळतं. रंगीत पेन्सिली आणि पाण्याचे बिनविषारी रंग सहसा सगळ्यांना चालतात. तरीही शंका असेल तर साहित्याचं नाव घेऊन आपल्या नर्सला किंवा डॉक्टरांना विचारा.

सगळे म्हणतात काहीतरी सकारात्मक काढ. माझ्या हातून काळंच येतं.

काळं येऊ द्या.

आजारी माणसाकडून हसऱ्या सूर्याची अपेक्षा करणं मला क्रूरपणाचं वाटतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यातून आजाऱ्यावर आणखी एक काम पडतं: इतरांना बरं वाटावं म्हणून बरं दिसायचं. नॉर्वेचे चित्रकार एडवर्ड मुंक यांची बहीण सोफी १८७७ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी क्षयाने गेली. तिच्या आठवणीतून १८८५-८६ मध्ये त्यांनी आजारी मुलीचं चित्र रंगवलं. उशाला टेकलेला फिकट चेहरा, शेजारी मान खाली घातलेली बाई, आणि पुन्हा पुन्हा खरवडलेला, ओरखडलेला रंग. प्रदर्शनात त्याची हेटाळणी झाली. तरी पुढच्या चाळीस वर्षांत त्यांनी तेच दृश्य आणखी पाच वेळा रंगवलं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा काढावीशी वाटली तर स्वतःला थांबवू नका.

स्पॅनिश चित्रकार गोयांचं वळण वेगळं आहे. १८१९ मध्ये ते मरणाच्या दारातून परत आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःला काढलं ते डॉक्टर आरिएता यांच्या आधाराने कसंबसं बसलेलं. हातांनी चादर घट्ट धरलेली, डोकं मागे पडलेलं, डॉक्टर ओठांशी औषधाचा पेला नेताहेत. खाली त्यांनी डॉक्टरांचे आभार लिहिले आहेत. कृतज्ञता आणि असहायता एकाच चित्रात आहे, आणि पार्श्वभूमी तर काळीच आहे.

चित्र काढल्यावर जास्तच वाईट वाटतं. काही चुकतंय का?

थोडा वेळ जड वाटणं अपेक्षित आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ चा प्रयोग या बाबतीत बोलका आहे. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहिलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या आरोग्य केंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा फायदा सरासरीने लहानच निघाला, आणि सगळ्यांना तो होतोच असंही नाही.

म्हणून स्वतःकडे लक्ष ठेवा. जडपणा तासा-दोन तासांत, फार तर रात्रीच्या झोपेनंतर उतरायला हवा. उतरत नसेल, झोप उडत असेल, एखादा प्रसंग डोळ्यांपुढून हलत नसेल, तर तो विषय बाजूला ठेवा. काही दिवस नुसते नक्षीचे आकार भरा किंवा खिडकीबाहेरचं झाड काढा. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर चित्र तिथेच सोडा आणि त्याच दिवशी, जमल्यास त्याच तासात, जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा. अशा वेळी कागद पुरा पडत नाही. माणूस लागतं.

चित्रावरून कुणी माझ्या मनाचा अंदाज बांधला तर?

बांधू देऊ नका. काळा म्हणजे नैराश्य, लाल म्हणजे राग, खिडकी नसलेलं घर म्हणजे एकटेपणा, अशी कोष्टकं भरवशाची नाहीत. काळी पेन्सिलच हाताशी होती, एवढंच कारण असू शकतं. चित्राचा अर्थ सांगायचा पहिला हक्क काढणाऱ्याचा, आणि सांगायचाच नाही असं ठरवण्याचाही.

चित्रच हवं का? शिवण, कविता, गाणं, नाच?

हाताला किंवा गळ्याला जे ओळखीचं आहे ते आधी घ्या. जर्मनीतली एक शिवणकाम करणारी बाई, आग्नेस रिश्टर, मनोरुग्णालयात होती. १८९५ च्या सुमारास तिने तिथल्याच जाड्याभरड्या कापडाचं जाकीट शिवलं आणि त्यावर आतबाहेर, ओळींवर ओळी, स्वतःबद्दल भरतकामाने लिहिलं. बहुतेक मजकूर आज वाचता येत नाही. ‘मी’ हा शब्द मात्र ठिकठिकाणी लागतो. ते जाकीट हायडलबर्गच्या प्रिन्झहॉर्न संग्रहात, मनोरुग्णांच्या कलाकृतींमध्ये आहे. जिथे कपडे, वेळ, नाव सगळं संस्थेच्या ताब्यात गेलं होतं, तिथे तिने अंगात घालता येईल अशी आपली गोष्ट तयार केली. या विषयावर मला एकच वस्तू दाखवायला सांगितली तर मी तीच दाखवीन.

शिवण सामुदायिकही होऊ शकतं. एड्सने गेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ त्यांच्या आप्तांनी तीन बाय सहा फुटांचे कापडी तुकडे शिवले. ११ ऑक्टोबर १९८७ ला ते जोडून केलेली भली मोठी गोधडी वॉशिंग्टनमध्ये पहिल्यांदा पसरली गेली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते.

रवींद्रनाथांनी १९४० आणि ४१ च्या आजारपणात अंथरुणावरूनच कविता रचल्या. शेवटची कविता त्यांनी ३० जुलै १९४१ ला, शस्त्रक्रियेच्या दिवशी, तोंडी सांगून लिहवून घेतली. जर्मन संगीतकार बीथोव्हन १८२५ मध्ये पोटाच्या गंभीर दुखण्यातून उठले आणि तेव्हा लिहीत असलेल्या, चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेच्या मधल्या भागाला त्यांनी बऱ्या झालेल्या माणसाचं आभारगीत असंच शीर्षक दिलं. नाचाचं म्हणाल, तर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २००१ पासून पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी व्यावसायिक नर्तक वर्ग घेत आले आहेत, आणि बसून करायच्या हालचाली त्यात आहेतच.

मानसिक आजार आहे. औषधं घेतली तर कला आटेल का?

ही भीती खरी आहे, म्हणून तिची टिंगल करणार नाही. काही औषधांनी सुस्ती येते, हात कापतात, भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात. हे जसंच्या तसं डॉक्टरांना सांगा. मात्रा किंवा औषध बदलण्याची सोय असते. आपल्या मनाने बंद करणं मात्र धोक्याचं.

‘वेदना हवी, तरच कला’ ही समजूत कलाकारांच्या चरित्रांतून पसरली आणि त्याच चरित्रांत तिला उत्तरही आहे. मुंक १९०८ मध्ये पार कोसळले, कोपनहेगनच्या रुग्णालयात काही महिने राहिले आणि त्यानंतर पस्तीस वर्षं चित्रं काढत होते. जपानी कलाकार यायोई कुसामा यांना लहानपणापासून भास होत. १९७७ पासून त्या स्वतःहून टोकियोच्या मनोरुग्णालयात राहतात आणि वर्षानुवर्षं जवळच्याच स्टुडिओत जाऊन काम करत आल्या. उपचार आणि काम, दोन्ही चालू राहिलं.

मूल आजारी आहे. त्याला काय देऊ?

रंग, मोठा कागद आणि मोकळीक. सुई नसलेली नवी सिरिंज रंग उडवायला दिली तर मुलं खूश होतात, आणि ज्या वस्तूला ती घाबरतात ती थोडा वेळ त्यांच्या हुकमात येते. ‘हे काय काढलंस?’ विचारण्यापेक्षा ‘याच्याबद्दल सांगतोस का?’ किंवा ‘सांगतेस का?’ म्हणा. नाही म्हणालं तर विषय तिथेच संपवा. चित्रात मूल स्वतःला फार लहान किंवा डॉक्टरांना राक्षसासारखं काढत असेल तर दुरुस्ती करू नका.

आजारी मी नाही, आई आहे. मला चित्र काढायचा हक्क आहे का?

आहे. शुश्रूषा करणाऱ्याचं आजारपण वेगळं असतं आणि त्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. स्विस चित्रकार फर्डिनांड होडलर यांनी आपली सखी वालंतीन गोदे-दारेल हिचा कर्करोग १९१३ पासून जानेवारी १९१५ मधल्या तिच्या मृत्यूपर्यंत रेखाटनांत आणि रंगांत टिपला. उशीवर बसलेलं डोकं हळूहळू आडवं होत जातं, शेवटी सगळं चित्र आडव्या रेषांचं होतं.

पण आईला काढायचं असेल तर तिला विचारा, ती शुद्धीवर आणि शांत असताना. तिचा नकार असेल तर तिच्याऐवजी तुमचे हात काढा, रिकामी खुर्ची, औषधांचा डबा, तुमची झोपमोड. ती गोष्ट तुमची आहे.

स्मृतिभ्रंशात हे करता येतं का?

येतं, विशेषतः सुरुवातीच्या टप्प्यात. लंडनमध्ये राहणारे अमेरिकन चित्रकार विल्यम उटरमोलेन यांना १९९५ मध्ये अल्झायमर्सचं निदान झालं. पुढची सुमारे पाच वर्षं ते स्वतःचा चेहरा काढत राहिले. त्या चेहऱ्यांची मांडणी विस्कटत जाते, पण भाव शेवटपर्यंत टिकून आहे. घरच्यांना एकच सांगणं: चित्र ‘सुधारायला’ जाऊ नका आणि आठवणीची परीक्षा घेऊ नका.

लोकांना दाखवू का?

काढताना हा प्रश्न मनात आणू नका. आणलात तर चित्र लोकांसाठीचं होतं. नंतर ठरवा, आणि आधी एकाच माणसाला दाखवून बघा. जो लगेच सल्ला देत नाही असं माणूस निवडा.

जो स्पेन्स या ब्रिटिश छायाचित्रकर्तीला १९८२ मध्ये स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेआधी तिने स्तनावर ‘जो स्पेन्सची मालमत्ता?’ असं प्रश्नचिन्हासह लिहून घेतलं आणि तसा फोटो काढला. रुग्णालयातही ती कॅमेरा घेऊन गेली. तिला ते जगासमोर ठेवायचं होतं, कारण आपल्या शरीराचे निर्णय कोण घेतंय हाच तिचा प्रश्न होता. तुमचा तो प्रश्न नसेल तर उघडं व्हायची सक्ती नाही. इंटरनेटवर टाकलेलं परत घेता येत नाही. कचेरीतली, विमा कंपनीतली, दूरच्या नात्यातली माणसंही ते बघतील, हे धरून चाला. रुग्णालयात फोटो काढताना शेजारच्या खाटेवरचं कुणी, त्यांची फाइल, नावाची पट्टी चौकटीत येऊ देऊ नका.

डॉक्टरांना चित्र दाखवलं तर ते हसतील का?

बहुतेक जण हसत नाहीत, वेळ मात्र कमी असतो. डेबोरा पॅडफील्ड ही छायाचित्रकर्ती स्वतः दीर्घ वेदनेसह जगते. तिने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या वेदनाग्रस्त रुग्णांबरोबर बसून त्यांच्या दुखण्याच्या प्रतिमा तयार केल्या. पुढे अशा प्रतिमा डॉक्टर आणि रुग्ण यांच्या भेटीत मधोमध ठेवून बोलण्याचा प्रयोग झाला. दोघंही एकाच गोष्टीकडे बघत असली की बोलणं मोकळं होतं.

तुम्ही एकच चित्र न्या, फार तर दोन. भेटीच्या सुरुवातीलाच दाखवा आणि एका वाक्यात सांगा: ‘डावा पाय रात्री असा होतो.’ देहाकृतीवर रोजच्या खुणा केल्या असतील तर पहिलं आणि शेवटचं पान पुरे.

हे सगळं जपून ठेवू की फाडून टाकू?

दोन्ही चालतं. काही चित्रं काढण्यासाठीच असतात, ठेवण्यासाठी नसतात. ती फाडून त्यांच्या तुकड्यांचं नवं कोलाज करता येतं. पण केमोच्या किंवा शस्त्रक्रियेच्या आठवड्यात, किंवा फार वाईट दिवशी, हा निर्णय घेऊ नका. पाकिटात घाला आणि महिन्याभराने बघा. ठेवणार असाल तर मागे तारीख आणि त्या दिवशी कोणते उपचार चालू होते ते लिहा. खडूच्या चित्रावर पातळ कागद ठेवा, ऊन आणि ओल लागू देऊ नका, मोबाइलमध्ये एकेक फोटो घेऊन ठेवा. आणि ही पाकिटं कुणी उघडायची, कुणी नाही, हे घरात एका माणसाला स्पष्ट सांगून ठेवा.